चरखा कुठे गेला?

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधले दोन वीकेंड एका रिलीजने खाल्ले आणि तिसऱ्या वीकेंडला मी फक्त झोपलो. असो. आज कोडबद्दल काही नाही, आज इतिहास. आता इतिहासाचा आणि माझा संबंध दहावीच्या बोर्डानंतर सुटला, त्यामुळे जाणकारांनी सांभाळून घ्यावं. पण एक प्रश्न डोक्यात किड्यासारखा बसला होता. तो लिहून काढल्याशिवाय जाणार नाही.

प्रश्न माझा नाही, आबाजींचा, म्हणजे माझ्या आजोबांचा आहे.

झालं असं, की ऑगस्ट २०२२ मध्ये 'हर घर तिरंगा'चं पहिलं वर्ष होतं. सोसायटीत झेंडे मागवायचं काम माझ्या गळ्यात पडलं (बॅचलर पोरांना वेळच वेळ असतो, असा आमच्या कमिटीचा समज आहे). ऑनलाइन मागवले. छान चकचकीत, इस्त्रीची भानगड नाही, पावसात भिजले तरी दहा मिनिटांत कोरडे. दोन उरले ते बॅगेत टाकले आणि रात्रीची ट्रॅव्हल्स पकडून गावी गेलो.

गाव म्हणजे जिल्हा यवतमाळ, तालुका राळेगाव. पुण्यात यवतमाळचं नाव काढलं की समोरचा दोन सेकंद गप्प होतो आणि मग शेतकरी आत्महत्यांबद्दल विचारतो. त्याचंही चुकत नाही. पण आमच्यासाठी यवतमाळ म्हणजे आधी कापूस. काळी माती आणि नजर जाईल तिथवर पऱ्हाटी. आबाजींनी सगळी हयात त्यातच काढली. बोंडातला कापूस दोन बोटांत धरून हलकेच ओढायचा आणि धागा लांब आहे की आखूड हे सांगायचं, हे त्यांचं कसब. बाजारात ग्रेडर काही म्हणो, आबाजींची बोटं त्यांना आधीच सांगून मोकळी झालेली असायची.

तर मी तो झेंडा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्यांनी बघितलाच नाही, आधी बोटांनी बघितला.

"कायचा हाय रे हा?"

"झेंडा हाय, आबाजी."

"थे दिसते मले. कपडा कायचा हाय?"

"पॉलिस्टर."

थोडा वेळ गप्प. मग मधल्या पट्ट्यावर अंगठा ठेवून म्हणाले, "अन् चरखा?"

"चरखा नसतो ना, आबाजी. अशोकचक्र असते."

"मी शाळेत नवा होतो तवा चरखाच होता. मंग चक्र आलं. चरखा कुठी गेला, थे मास्तरनं काई सांगतलं नाई."

मलाही कुठल्याच मास्तरनं सांगितलं नव्हतं. पुण्याला परत आलो आणि वाचत बसलो. जे सापडलं ते असं.

आपल्याला वाटतं, की देश स्वतंत्र झाला आणि कुणीतरी झेंडा काढून दिला. प्रत्यक्षात हे प्रॉडक्ट बरीच वर्षं डेव्हलपमेंटमध्ये होतं आणि त्याच्या बऱ्याच व्हर्जन निघाल्या. २२ ऑगस्ट १९०७ ला जर्मनीत श्टुटगार्टच्या समाजवादी परिषदेत मादाम कामांनी जो झेंडा फडकवला, त्यावर देवनागरीत वंदे मातरम् होतं, कमळं होती, सूर्य-चंद्र होते. तो पुण्यातच आहे, केसरीवाड्यात. इतकी वर्षं पुण्यात राहून मी तो बघितला नव्हता, ही लाज वेगळी.

मग १९१७ ची होमरूल आवृत्ती, टिळक आणि ॲनी बेझंटबाईंची. लाल-हिरवे पट्टे, सप्तर्षी आणि वरच्या कोपऱ्यात चक्क युनियन जॅक! कारण तेव्हाची मागणी साम्राज्यात राहून स्वराज्य, एवढीच होती. म्हणजे रिक्वायरमेंट जेवढी, तेवढाच झेंडा.

आता मुख्य माणूस. १९२१ साली बेझवाड्याला, म्हणजे आजच्या विजयवाड्याला, काँग्रेस कमिटीच्या बैठकीच्या वेळी मछलीपट्टणमचे पिंगली वेंकय्या गांधीजींकडे एक डिझाइन घेऊन आले. दोन पट्टे, लाल आणि हिरवा, म्हणजे हिंदू आणि मुसलमान. गांधीजींनी त्यात बाकीच्या सगळ्यांसाठी पांढरा घालायला सांगितला. चरख्याची कल्पना जालंधरच्या लाला हंसराजांची. आणि एक गोष्ट वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. हे वेंकय्या कापसाचे अभ्यासक होते. कंबोडिया जातीच्या कापसावर त्यांनी इतकं काम केलं होतं, की लोक त्यांना 'पत्ती वेंकय्या' म्हणायचे. पत्ती म्हणजे तेलुगूत कापूस. आबाजींचं आणि त्यांचं चांगलं जमलं असतं.

चरखा का, हे आमच्या भागातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. १८५३ मध्ये इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाड ताब्यात घेतलं, त्यामागे इथला कापूस हे मोठं कारण होतं. १८६१ ते ६५ मध्ये अमेरिकेत यादवी झाली, तिकडचा कापूस बंद पडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. पुढे यवतमाळहून मूर्तिजापूरला नॅरोगेज रेल्वे टाकली, तीच आपली शकुंतला, तीही मुख्यतः कापूस वाहायला. कापूस इथून जायचा आणि कापड होऊन परत यायचा. मधला नफा तिकडेच. 'तो मधला भाग आम्हीच करू' असं सांगणारं यंत्र म्हणजे चरखा. आमच्या जिल्ह्यासाठी ते नुसतं चित्र नव्हतं, तो हिशेब होता.

या झेंड्यासाठी लोक तुरुंगात गेले, तेही आमच्या शेजारीच. १९२३ साली नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये झेंडा घेऊन मिरवणूक न्यायला सरकारने बंदी घातली. १ मे पासून सत्याग्रह सुरू झाला. नेतृत्व वर्ध्याच्या जमनालाल बजाजांचं. त्यांना पकडल्यावर वल्लभभाई पटेल आले. देशभरातून तुकड्या यायच्या, झेंडा घेऊन निघायच्या आणि सरळ तुरुंगात जायच्या. दीड हजारांहून जास्त लोकांना अटक झाली. शेवटी १८ ऑगस्टला मिरवणूक त्याच रस्त्याने गेली. एका कापडाच्या तुकड्याला काय किंमत असते, हे नागपूरकरांनी तेव्हाच ठरवून टाकलं.

पण रंगांचं भांडण मिटलेलं नव्हतं. लाल हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा असं एकदा म्हटलं की पुढचा प्रश्न येणारच, की मग आमचा कुठला? शिखांनी तो विचारला आणि त्यांचं चूक नव्हतं. म्हणून एप्रिल १९३१ मध्ये काँग्रेसने सात जणांची समिती नेमली: पटेल, नेहरू, मौलाना आझाद, मास्टर तारासिंग, काका कालेलकर, डॉ. ना. सु. हर्डीकर आणि पट्टाभी सीतारामय्या. (काका कालेलकर साताऱ्याचे. मराठी माणूस, पण गुजरातीत लिहून मोठा झालेला.) समितीने प्रांतोप्रांती प्रश्नावली पाठवली. म्हणजे रीतसर सर्व्हे! आणि शिफारस काय केली? पूर्ण झेंडा एकाच रंगाचा, केशरी, आणि वरच्या कोपऱ्यात चरखा.

हे वाचून मी दोनदा खात्री केली. पटेल, नेहरू आणि आझाद एका समितीत आणि एकमताने केशरी झेंडा. आजच्या चॅनेलवाल्यांना हे कळलं तर कुठल्या बाजूने ओरडावं तेच कळणार नाही :)

त्यांचा युक्तिवाद सरळ होता. रंग वाटून दिले की भांडण होतं, तर एकच रंग घ्या आणि भांडणच संपवा. पण ऑगस्ट १९३१ मध्ये मुंबईला अखिल भारतीय काँग्रेस समितीने ही शिफारस बाजूला ठेवली. रंग तीनच राहिले, केशरी, पांढरा, हिरवा, आणि मध्ये निळा चरखा. बदलला तो अर्थ. रंग जातिधर्मांचे नाहीत असं स्पष्ट लिहिलं. केशरी म्हणजे धैर्य आणि त्याग, पांढरा म्हणजे शांती आणि सत्य, हिरवा म्हणजे श्रद्धा. मला यातली हुशारी आवडली. स्क्रीन जवळपास तीच ठेवली, डॉक्युमेंटेशन नवीन लिहिलं, आणि निम्मी तक्रार तिथेच संपली.

आता १९४७. २३ जून १९४७ ला घटना समितीने झेंड्यासाठी एक समिती नेमली. अध्यक्ष राजेंद्रप्रसाद. सभासदांत आझाद, सरोजिनी नायडू, राजाजी, मुन्शी, डॉ. आंबेडकर आणि आणखी काही जण. १४ जुलैला त्यांचं ठरलंसुद्धा. तीन आठवडे! आमच्याकडे लॉगिन पेजवरच्या बटणाचा रंग ठरायला याहून जास्त वेळ लागतो. मधल्या काळात माउंटबॅटननी कोपऱ्यात छोटासा युनियन जॅक ठेवा असंही सुचवून पाहिलं. नेहरू नाही म्हणाले. १९१७ ची रिक्वायरमेंट कधीच मागे पडली होती.

आणि इथेच चरखा गेला. २२ जुलै १९४७ ला नेहरूंनी ठराव मांडला तेव्हा त्याचं कारणही सांगितलं, आणि ते कारण ऐकून कुठल्याही इंजिनिअरला बरं वाटेल. कागदावरच्या चित्राला एकच बाजू असते. झेंड्याला दोन असतात. चरख्याला एकीकडे चाक आणि दुसरीकडे चाती. मागून बघितलं की सगळं उलटं. झेंड्यावरची खूण दोन्ही बाजूंनी सारखी दिसली पाहिजे, हा संकेत. मग चरख्यातला मुख्य भाग ठेवला, चाक. आणि चाकच ठेवायचं तर सारनाथच्या अशोकस्तंभावरचं, चोवीस आऱ्यांचं. कुठूनही बघा, तेच. हा बदल नेमका कुणाला सुचला यावर अजून वाद आहेत. बद्रुद्दीन तय्यबजी आणि सुरैया तय्यबजी या दांपत्याचं नाव पुष्कळ जण घेतात.

फक्त तांत्रिक कारण होतं का? मला नाही वाटत. चरखा असलेला तिरंगा हा काँग्रेसचा झेंडा होता आणि आता देशाचा झेंडा हवा होता. जो पक्षात नाही त्यालाही तो आपला वाटायला हवा होता. सिमेट्रीमुळे निर्णय सोपा झाला, इतकंच.

पण ठरावाची भाषा बघण्यासारखी आहे. त्यात हे चाक चरख्याचं प्रतीक म्हणून आहे असं लिहिलंय. म्हणजे चित्रातून चरखा गेला, स्पेसिफिकेशनमध्ये राहिला. गांधीजींना हे पटलं नाही. चरखा नसलेल्या झेंड्याला मी वंदन करणार नाही, इथपर्यंत ते बोलले. ज्या माणसाने सव्वीस वर्षांपूर्वी पांढरा पट्टा घालायला लावला, त्यालाच शेवटच्या व्हर्जनमधून आपली आवडती गोष्ट गेलेली बघावी लागली.

त्या दिवशीच्या सभागृहात आमच्याकडचे, म्हणजे मध्य प्रांत-वऱ्हाडचे सभासद होते ह. वि. कामत. त्यांना चक्राच्या मध्यभागी स्वस्तिक हवं होतं, तशी दुरुस्ती त्यांनी दिली होती. प्रत्यक्ष नमुना बघितल्यावर ती त्यांनी मागे घेतली. मुस्लिम लीगचे चौधरी खलीकुज्जमान ठरावाच्या बाजूने बोलले. आणि एक भाषण मला सगळ्यात जास्त भिडलं, ते जयपालसिंगांचं. हो, तेच, १९२८ च्या ऑलिंपिक हॉकी संघाचे कप्तान. आदिवासींच्या वतीने ते म्हणाले, की आमच्या प्रत्येक गावाचा स्वतःचा झेंडा असतो, तो दुसरं कुणी वापरत नाही, आणि यापुढे आमचे झेंडे दोन असतील, एक आमचा जुना आणि एक हा. आमच्या तालुक्यात कोलाम आणि गोंड वस्त्या आहेत. त्यांचे झेंडे मी लहानपणापासून बघत आलोय आणि ते झेंडे आहेत हे मला कधी जाणवलंच नव्हतं. जयपालसिंगांनी ते १९४७ सालीच सांगून ठेवलं होतं.

शेवटी सरोजिनी नायडू बोलल्या आणि सगळं सभागृह उभं राहिलं. ठराव एकमताने मंजूर. एका दिवसात रिलीज, पण त्यामागे पंचवीसेक वर्षांचं डेव्हलपमेंट आणि टेस्टिंग, आणि टेस्टिंगपैकी बरंचसं तुरुंगात.

बाकीच्या देशांनी काय केलं तेही बघितलं. कॅनडात १९६४ साली संसदेत महिनोन्महिने भांडण चाललं. पंधरा जणांची समिती बसली, मग १५ फेब्रुवारी १९६५ ला मेपलच्या पानाचा झेंडा चढला. न्यूझीलंडने २०१५-१६ मध्ये सगळं लोकांवर सोपवलं. दहा हजारांहून जास्त डिझाइन आली. त्यात डोळ्यांतून लेसर सोडणारा किवी पक्षीही होता. दोनदा सार्वमत झालं, अडीच कोटी डॉलरच्या आसपास खर्च झाला आणि शेवटी ५६ टक्क्यांहून जास्त लोकांनी जुना, युनियन जॅकवालाच झेंडा ठेवला. मला यातून एवढंच कळलं, की मतं मोजून झेंडा ठरवता येतो, पण तो लागतो कशासाठी हे आधी ठरलेलं नसेल तर मोजणीचा फारसा उपयोग नाही. आपल्याकडे उलट झालं. मतं कुणी मोजली नाहीत, पण कशासाठी हे सगळ्यांना माहीत होतं.

आता आबाजींच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग. कपडा कायचा हाय?

चरखा चित्रातून गेला तरी कापडात राहिला होता. झेंडा हाताने कातलेल्या, हाताने विणलेल्या खादीचाच, असा नियम होता. भारतीय मानकांमधलं पहिलं मानक, आयएस १, कशाचं आहे ठाऊक आहे? राष्ट्रध्वजाचं. सिमेंटचं नाही, सळईचं नाही. आधी झेंडा. १९५१ मध्ये ते निघालं. नऊ ठरावीक मापं, सगळ्यात मोठं ६३०० बाय ४२०० मिलिमीटर, सगळ्यात छोटं १५० बाय १००. सूत, वीण, रंग, शिलाई, सगळ्याचं मोजमाप. असं कापड बनवणाऱ्या संस्था मोजक्याच. एक हुबळीजवळ बेंगेरीला, आणि एक आमच्या शेजारच्या नांदेडला, मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती.

३० डिसेंबर २०२१ ला ध्वजसंहितेत दुरुस्ती झाली आणि यंत्रावर बनलेला, पॉलिस्टरचा झेंडाही चालेल असं ठरलं. हुबळीच्या खादी संघाने विरोध केला, पण नियम बदलला तो बदलला.

आता मी इथे तावातावाने लिहू शकतो. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर दुसरी बाजूही आहे. २६ जानेवारी २००२ ला नवी ध्वजसंहिता लागू होईपर्यंत तुम्हाआम्हाला ठरावीक राष्ट्रीय दिवस सोडून घरावर झेंडा लावताच येत नव्हता. २००४ मध्ये नवीन जिंदल यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की सन्मानाने झेंडा लावणं हा नागरिकाचा हक्क आहे. मग हक्क दिला तर झेंडा परवडायलाही हवा. खादीचा झेंडा महाग आणि त्याचं उत्पादन तुटपुंजं. पॉलिस्टर आलं म्हणून तो आमच्या गावातल्या पत्र्याच्या घरांवरही लागला. ते दृश्य मी बघितलंय आणि ते चांगलंच होतं.

माझी अडचण वेगळी आहे. चरखा चित्रातून काढताना नेहरूंना सभागृहात उभं राहून कारण सांगावं लागलं. गांधीजी नाराज झाले, ते उघड बोलले आणि ते आजही आपल्याला वाचता येतं. खादीची सक्ती गेली ती एका सरकारी आदेशाने. मी स्वतः साठ झेंडे मागवले तेव्हा मला त्याचा पत्ताही नव्हता. पहिला बदल आपण चर्चा करून केला, दुसरा आपण अपडेटच्या नोट्स न वाचता 'ॲक्सेप्ट' दाबून करून टाकला. निर्णय बरोबर की चूक हा पुढचा प्रश्न. आधी तो विचारला जायला हवा होता, आणि तोही निदान कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यात.

दिवाळीला गावी गेलो तेव्हा हे सगळं आबाजींना सांगितलं. तोच झेंडा अंगणात उन्हापुढे धरला, आधी सुलटा, मग उलटा. चक्र दोन्हीकडून सारखं. चरखा असता तर मागून उलटा दिसला असता, हेही समजावलं. त्यांना ते लगेच पटलं. शेतकरी माणूस, अवजाराला दोन बाजू असतात हे त्याला सांगावं लागत नाही.

मग झेंडा नीट घडी करून माझ्या हातात देत म्हणाले, "म्हंजे चाक राह्यलं. सूत गेलं."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. पुढच्या पंधरा ऑगस्टला नांदेडहून एक खादीचा झेंडा आणला, छोटासाच. पॉलिस्टरच्या कितीतरी पट महाग पडला. आबाजींनी त्याला बोटं लावली आणि काही बोलले नाहीत. बाबांनी तो चढवला. दुसरा, पॉलिस्टरचा, शेजारच्या काकूंच्या घरावर लागला. लांबून दोन्ही सारखेच दिसत होते.

तुमच्या घरी जो आहे त्याला एकदा हात लावून बघा, बस एवढंच. चला, सोमवार जवळ आला, बिल्ड अजून लाल आहे.